प्रश्न कोणी टाइप केला?

क्वांटम संगणक आता परदेशात विकले जातात आणि विकण्याआधी इंटरनेटवरून चालवून दाखवलेही जातात. यंत्र एका देशात, प्रेक्षक दुसऱ्या देशात, मध्ये फक्त एक पडदा. अशा प्रात्यक्षिकावर विश्वास किती ठेवायचा? माझ्या मते त्याचे उत्तर यंत्र किती दूर आहे यावर ठरत नाही. यंत्राला प्रश्न कोणी घातला यावर ठरते.

दुरून संगणक चालवून दाखवण्याची सुरुवात झाली 11 सप्टेंबर 1940 रोजी. बेल लॅब्जच्या जॉर्ज स्टिबिट्झने 1937 मध्ये घरच्या स्वयंपाकघरात टेलिफोनचे दोन रिले (विजेने चालणारे स्विच), टॉर्चचे दिवे आणि तंबाखूच्या डब्यातून कापलेल्या पत्र्याच्या पट्ट्या जोडून द्विमान बेरीज करणारे एक खेळणे बनवले होते. त्यातूनच पुढे संमिश्र संख्यांचे गणित करणारे 400 हून अधिक रिलेंचे यंत्र उभे राहिले. (ते प्रत्यक्ष घडवणाऱ्या सॅम्युअल विल्यम्स या अभियंत्याचे नाव फारसे कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते.) यंत्र न्यूयॉर्कमध्येच राहिले. न्यू हॅम्पशायरमधल्या डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांच्या सभेत फक्त एक टेलिटाइप, म्हणजे तारेने जोडलेले टंकलेखन यंत्र, ठेवला गेला आणि जमलेल्यांना सांगितले गेले: या, तुमची गणिते घाला. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर आणि पुढे एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या निर्मात्यांपैकी एक ठरलेले जॉन मॉक्ली हेही तिथे बसून गेले. प्रश्न त्यांचा, आकडे त्यांचे, आणि आलेले उत्तर कागदावर पडताळून पाहण्याची त्यांना पूर्ण मुभा.

आता 13 फेब्रुवारी 2007 चे प्रात्यक्षिक पाहा. कॅनडातल्या बर्नबी इथल्या डी-वेव्ह कंपनीचे 16 क्यूबिटांचे (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा मूळ घटक) यंत्र कॅनडातच होते आणि प्रेक्षक कॅलिफोर्नियात, संगणक इतिहास संग्रहालयात. दाखवली गेली ती तीन उदाहरणे कंपनीने निवडलेली: रेणूंचा शोध, पंगतीत कोणाला कोणाशेजारी बसवायचे याची मांडणी आणि सुडोकू. कंपनीची बाजूही समजून घेतली पाहिजे. निरपेक्ष शून्याच्या जवळ ठेवावे लागणारे यंत्र सभागृहात कसे आणायचे? मुद्दा रास्त आहे, पण अडचण अंतराची नव्हतीच. स्टिबिट्झचा दावा एवढाच होता की यंत्र गणित करते. त्याला बरोबर उत्तर हाच पुरेसा पुरावा. क्वांटमचा दावा वेगळा आहे: यंत्र निराळ्या रीतीने, आणि कधीतरी अधिक वेगाने, गणित करते. सुडोकू साधा लॅपटॉपही सोडवतो. त्यामुळे सुटलेल्या सुडोकूवरून आत काय घडले ते कळत नाही. त्यासाठी प्रश्न मोठे करत जायचे आणि त्याच प्रश्नांवर नेहमीच्या संगणकाला लागणारा वेळ शेजारी मांडायचा.

हे शक्य झाले ते विक्रीमुळे, म्हणूनच परदेशी विक्रीला निव्वळ धंदा म्हणून हिणवणे मला पटत नाही. 2011 मध्ये लॉकहीड मार्टिनने डी-वेव्हचे यंत्र घेतले आणि ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संस्थेत बसवले. असे यंत्र नव्या जागी पुन्हा थंड करून, एकेक क्यूबिट जुळवून मगच कामाला लागते. तिथे नंतर आलेल्या 512 क्यूबिटांच्या यंत्रात 503 च कामाचे होते. पण आता प्रश्न विक्रेत्याच्या हाती राहिले नव्हते. संशोधकांनी आधीच्या यंत्रावर यादृच्छिक प्रश्न घातले तेव्हा वर्तन क्वांटम प्रक्रियेशी जुळणारे दिसले. 503 क्यूबिटांवर मात्र, 2014 मध्ये 'सायन्स'मध्ये छापल्याप्रमाणे, तपासलेल्या प्रश्नांत वेगाचा फायदा आढळला नाही. दोन्ही निष्कर्ष कंपनीच्या पडद्यावरून कधीच निघाले नसते.

यंत्र विकत घेणे थोड्यांनाच जमते, हे खरेच. म्हणून 4 मे 2016 चा दिवस मला मोठा वाटतो. त्या दिवशी आयबीएमने पाच क्यूबिटांचे यंत्र इंटरनेटवर सर्वांसाठी खुले केले. क्यूबिट पाचच, तेही चुका करणारे. पण कुठल्याही गावातला विद्यार्थी आपला प्रश्न स्वतः मांडून न्यूयॉर्क राज्यातल्या त्या यंत्राला घालू शकत होता आणि आलेल्या उत्तरातल्या चुका स्वतः मोजू शकत होता.