एटीव्ही अडली की आधी प्लग बघा

चालती एटीव्ही बंद पडून पुन्हा सुरू होईना, की दोष बॅटरीवर ढकलला जातो. पण स्टार्टर इंजिन जोमाने फिरवत असेल, तर बॅटरी बहुधा निर्दोष. मग इंजिन थोडं फिरवून स्पार्क प्लग काढावा: कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर ठिणगी कमजोर किंवा पेट्रोल जादा. नवा प्लग घालताच गाडी सुरू झाली, म्हणजे दोष प्लगचाच, असं कुणी म्हणेल. तसं असेलही, पण कार्ब्युरेटर पेट्रोलने तुंबत असेल, तर नवा प्लगही भिजणारच. कोरड्या प्लगच्या बाबतीत आधी टाकीचं झाकण सैल करावं. त्यातलं हवेचं छिद्र चिखलाने बुजलं की पेट्रोल उतरत नाही, आणि कार्ब्युरेटर मात्र उगाच खोलला जातो.