विस्डमच्या पायातलं कडं

दोस्ता, कान जरा इकडे कर. एका आजीची गोष्ट सांगते. ही आजी समुद्रावरून उडते!

तिचं नाव विस्डम. ती आहे लेसन अल्बट्रॉस, म्हणजे एक समुद्रपक्षी. तिचे पसरलेले पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ दोन मीटर भरतात. तू हात पसरून बघ. पुरतात का?

आपल्याकडे पाऊस कोसळत असतो, तेव्हा हे अल्बट्रॉस उत्तर पॅसिफिक महासागरावर भटकत असतात. आणि दिवाळीच्या सुमाराला? हजारो किलोमीटर उडून मिडवे नावाच्या इवल्याशा बेटावर परततात. एक-दोन नाही, लाखो!

लाखो पक्षी, आणि सगळे सारखेच दिसणारे. मग विस्डम ओळखायची कशी?

तुझ्या वर्गात सगळ्यांचे चेहरे सारखे असते, तर बाईंनी हजेरी कशी घेतली असती? नंबरावरून! इथेही तसंच. पक्षी अलगद पकडायचा. पायात नंबर कोरलेलं हलकं कडं घालायचं. नंबर वहीत लिहायचा. आणि सोडून द्यायचा, भुर्रकन!

विस्डमला पहिलं कडं घातलं चँडलर रॉबिन्स या अमेरिकन शास्त्रज्ञांनी, १० डिसेंबर १९५६ रोजी. तेव्हाच ती निदान पाच वर्षांची होती, कारण तिने अंडं घातलं होतं, आणि त्या वयाआधी या जातीची मादी अंडं घालत नाही.

आता खरी गंमत ऐक! २००२ साली रॉबिन्स पुन्हा मिडवेला गेले. तिथे एका अल्बट्रॉसला त्यांनी नवं कडं घातलं. मग जुन्या नोंदी तपासल्या, आणि काय सापडलं असेल? तिचं पहिलं कडंही त्यांनीच घातलं होतं, ४६ वर्षांपूर्वी! लाखो पक्ष्यांतून नेमकी तीच हाती आली!

मला मात्र यात सगळ्यात जास्त आवडतात त्या नोंदी. कडी झिजतात, बदलावी लागतात. दर वेळी कुणीतरी नव्या नंबराशेजारी जुना नंबर लिहून ठेवला. एकानेही कंटाळा केला असता, तर ही विस्डम कुणाला कळलीच नसती!

रॉबिन्स २०१७ साली वारले. विस्डमने २०२४ च्या अखेरीस पुन्हा अंडं घातलं, आणि जानेवारीत पिल्लू बाहेर आलं. तेव्हा आईचं वय किमान ७४!

आपल्याकडे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्ष्यांना अशी कडी घालते. खाडीकाठी दुर्बिणीतून एखाद्या पायात कडं दिसलं, तर पक्ष्यामागे धावू नकोस हं! नंबर, तारीख, जागा लिही आणि त्यांना कळव. दोनच आकडे दिसले? मग दोनच लिही!