विभेदी संदेशनातील बिट-त्वरा व कंप्रता
अंकीय संदेशवहनात दर सेकंदास पाठविल्या जाणाऱ्या बिटांच्या (० किंवा १ या द्विमान अंकांच्या) संख्येस बिट-त्वरा म्हणतात; तारेवरील विद्युत् दाबाच्या दर सेकंदास होणाऱ्या पूर्ण आवर्तनांची संख्या म्हणजे कंप्रता होय. या दोन राशी एकच मानल्यास केबल, जोडण्या व मापन उपकरणे यांची निवड चुकते.

विभेदी संदेशनात एकच संदेश दोन तारांवरून परस्परविरुद्ध ध्रुवतेने पाठवितात व ग्राही त्यांच्या दाबांतील फरक तेवढा ओळखतो. बाहेरचा व्यत्यय दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो व वजाबाकीत नाहीसा होतो. खानदेशातील भुसावळ–जळगाव–चाळीसगाव हा लोहमार्ग २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्‌झ प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहावर चालतो. अशा मार्गास समांतर असलेल्या तारांत प्रवर्तनाने विद्युत् दाब निर्माण होतो. म्हणून मार्गालगतच्या तांब्याच्या दळणवळण केबलींतील तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. तारा दोन असल्या, तरी बिटप्रवाह एकच असतो. त्यामुळे कंप्रता दुप्पट किंवा निमपट होत नाही.

मूळ संबंध : साध्या द्विस्तर संकेतनात १ साठी उच्च व ० साठी नीच दाब संपूर्ण बिटकाल टिकतो. दाबात सर्वांत वारंवार बदल १०१०… या क्रमात होतो व त्याच्या एका आवर्तनात दोन बिट सामावतात. म्हणून मूलभूत कंप्रतेची कमाल मर्यादा बिट-त्वरेच्या निम्मी असते. उदा., सेकंदास ५ गिगॅबिट त्वरेला ती २·५ गिगॅहर्ट्‌झ येते. ११००११००… या क्रमात ती आणखी निम्मी होते. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखविले की, आदर्श वाहिनीतून दर सेकंदास पाठविता येणाऱ्या चिन्हांची कमाल संख्या पट्टरुंदीच्या दुप्पट असते. वरील संबंध याच्याशी जुळतो.

तथापि चौकोनी तरंगात मूलभूत कंप्रतेच्या तिप्पट, पाचपट इ. कंप्रतांचे संनादी तरंगही असतात व त्यांच्यामुळेच कडा तीव्र राहतात. वरील उदाहरणात तिसरा संनादी ७·५ गिगॅहर्ट्‌झचा आहे. २·५ गिगॅहर्ट्‌झपर्यंतच मोजणाऱ्या दोलनदर्शकावर हा संदेश गोलसर ज्यावक्रासारखा दिसेल व त्यावरून कडांचा दोष ओळखता येणार नाही.

संकेतनाचा परिणाम : वरील गुणोत्तर सर्वत्र लागू पडत नाही. माँचेस्टर संकेतनात प्रत्येक बिटाच्या मध्यावर दाब बदलतो. म्हणून सेकंदास १० मेगॅबिट त्वरेला मूलभूत कंप्रता १० मेगॅहर्ट्‌झपर्यंत पोहोचते. याउलट चतुःस्तर संकेतनात प्रत्येक चिन्ह दोन बिट वाहते व कमाल मूलभूत कंप्रता बिट-त्वरेच्या एक-चतुर्थांश होते. मात्र स्तर जवळ आल्याने गोंगाट सहन करण्याची क्षमता घटते. जळगाव किंवा धुळे येथील एखाद्या कार्यालयातील संगणक जाळ्यात तांब्याच्या केबलीवरून सेकंदास १ गिगॅबिट माहिती नेताना चार जोड्या वापरतात. प्रत्येक जोडीवर पंचस्तर संकेतनाने सेकंदास १२५ दशलक्ष चिन्हे जातात व प्रत्येक चिन्हामागे माहितीचे दोन बिट पडतात. मूलभूत कंप्रता ६२·५ मेगॅहर्ट्‌झच राहते. म्हणून १०० मेगॅहर्ट्‌झपर्यंत कसोटी घेतलेली केबल या कामास पुरते.

व्यावहारिक मर्यादा : कंप्रता वाढते तसा प्रवाह संवाहकाच्या पृष्ठभागाशी एकवटतो. तांब्यात त्याची प्रवेश-खोली ५० हर्ट्‌झला सु. ९ मिमी., तर २·५ गिगॅहर्ट्‌झला सु. १·३ मायक्रॉन असते. यामुळे व विद्युत् अपारकातील ऱ्हासामुळे उच्च कंप्रतांचे क्षीणन अधिक होऊन लगतचे बिट एकमेकांत मिसळतात. जोडीतील तारांची लांबीही सारखी लागते. सेकंदास ५ गिगॅबिट त्वरेला बिटकाल ०·२ नॅनोसेकंद असतो व तेवढ्यात संदेश केबलीत सु. ४ सेंमी. जातो. तारांच्या लांबीत १ सेंमी. फरक पडला, तरी बिटकालाचा चौथा हिस्सा वाया जातो. म्हणून केबल निवडताना बिट-त्वरेबरोबर संकेतन, चिन्हत्वरा व कडांचा काल यांचाही विचार करावा लागतो.