डीएनए सापडला कुठे?

गेवराई तालुक्यातल्या उमापुरात जन्मलेल्या बाळालाही राज्यातल्या इतर बाळांसारखीच डाव्या दंडावर क्षयाविरुद्धची बीसीजीची लस टोचतात. काही आठवड्यांनी तिथे पुळी येते, फुटते आणि बारीक व्रण राहतो. याच लशीतल्या जंतूंनी विज्ञानाच्या हाती एक मोठा धागा दिला. 1984 मध्ये जपानमधल्या तोकुनागा यांच्या गटाने बीसीजीच्या जंतूंमधून डीएनए वेगळा काढला, आणि पुढे नुसत्या त्या डीएनएनेच रोगप्रतिकारक पेशी इंटरफेरॉन नावाचं बचावाचं प्रथिन तयार करू लागल्याचं दिसलं.

हे का होतं, ते पुढे उलगडत गेलं. जंतूंच्या डीएनएत सायटोसिनला लागून ग्वानिन ही जोडी वरचेवर येते आणि तिच्यावर सहसा मिथाइल हा छोटा रासायनिक गट नसतो. माणसाच्या डीएनएत ही जोडी कमी, आणि जिथे असते तिथे बहुधा मिथाइल चिकटलेलं. 1995 मध्ये आर्थर क्रीग यांच्या गटाने या फरकाचं महत्त्व दाखवलं. 2000 मध्ये शिझुओ अकिरा यांच्या प्रयोगशाळेने तो ओळखणारं प्रथिन शोधलं, टीएलआर9. गिळलेला जंतू पेशीच्या आत ज्या पिशव्यांमध्ये पचवला जातो, तिथे ते असतं.

मला याहून विलक्षण वाटतं ते सीगॅस हे प्रथिन. जेम्स चेन यांच्या गटाने 2013 मध्ये ते प्रसिद्ध केलं. डीएनए कुणाचा, हे सीगॅस बघतच नाही. तो कुठे सापडला, एवढंच त्याला पुरतं. आपला डीएनए केंद्रकात असतो, थोडा मायटोकाँड्रियात. बाहेरच्या पेशीद्रवात तो असायलाच नको. कोठारातल्या ज्वारीकडे कुणी वळून पाहत नाही, पण वाटेवर दाणे सांडलेले दिसले की पोतं फाटल्याचं कळतं, तसंच हे. डीएनएला चिकटलेलं सीगॅस एक छोटा रेणू बनवतं, तो स्टिंग नावाच्या प्रथिनाला जाऊन भिडतो, आणि तिथून निघालेला निरोप केंद्रकात पोचून इंटरफेरॉनचं जनुक सुरू होतं.

क्षयाचा जंतू नेमका इथेच गुंतलेला आहे. फुप्फुसातल्या भक्षक पेशीने गिळल्यावर तो ईएसएक्स-1 या यंत्रणेने पिशवीच्या भिंतीला भोकं पाडतो, त्याचा डीएनए पेशीद्रवात झिरपतो आणि सीगॅस जागं होतं. काल्मेत आणि गेरँ यांनी 1908 ते 1921 या काळात वाढवत-वाढवत सौम्य केलेला बीसीजीचा जंतू ही यंत्रणा गमावून बसला, म्हणून तो बहुतांशी पिशवीतच अडकतो. बर्लिनमध्ये स्टेफान काउफमान यांच्या गटाने त्याच्यात लिस्टेरिया या जंतूचं पिशवी भेदणारं प्रथिन घातलं. त्यातून घडलेली व्हीपीएम1002 ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पुढे नेली आणि आयसीएमआरने 2019 मध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांवर तिची चाचणी सुरू केली.

मग जितकं इंटरफेरॉन जास्त तितकं बरं? क्षयात तरी तसं नाही. 1957 मध्ये इंटरफेरॉन सापडलं ते विषाणूंना रोखणारं म्हणून. पण 2010 मध्ये ॲन ओगारा यांच्या गटाने क्षयरुग्णांचं रक्त तपासलं, तेव्हा या इंटरफेरॉनने चेतवलेली जनुकं तिथे ठळक दिसली, आणि फुप्फुस जितकं जास्त बिघडलेलं तितकी ती खूण गडद होती. भक्षक पेशीला क्षयाचा जंतू मारायला हवं असतं ते वेगळंच इंटरफेरॉन, गॅमा. पहिल्याचा अतिरेक झाला की दुसऱ्याचं काम मंदावतं. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिराती वाचताना म्हणूनच मला काळजी वाटते. कोणती वाढवायची, कुठे आणि किती, हे त्यात कुणी सांगत नाही.

जंतू मारायचं काम शेवटी औषधांनाच करावं लागतं, आणि नेहमीच्या क्षयासाठी ती 6 महिने घ्यावी लागतात. उपचार सुरू झाले की रक्तातली ती खूण पुसट होत जाते, खोकला कमी होतो, भूक लागते, आणि बरं वाटू लागलेला माणूस गोळ्या सोडतो. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांसाठी हा धोका मोठा, कारण हंगामही जवळजवळ तितकाच लांबतो. निक्षय या सरकारी क्षयनोंदणीत नाव असलेल्या रुग्णाचे उपचार कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राकडे वर्ग करता येतात. कोयता बांधण्याआधी ते करून घ्यायला हवं.