तापत्या पृथ्वीचा वाद : उदगीरच्या पठारावरून एक मागोवा

पृथ्वीचे तापमान वाढत आहे काय, आणि वाढत असल्यास त्याचे कर्तृत्व मनुष्याकडे जाते काय, या प्रश्नांवर गेल्या अर्धशतकात जगभर जेवढी शाई खर्ची पडली तेवढी क्वचितच एखाद्या शास्त्रीय विषयावर पडली असेल. परंतु बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या उदगीरसारख्या गावी, जेथे मृगाने पाठ फिरवली की मोंढ्यातल्या आडतीपासून तहसील कचेरीपर्यंत सर्वांचेच चेहरे उतरतात, तेथे या वादाला एक निराळे वळण लागले. हवा कोणामुळे तापली आणि विहीर कोणामुळे आटली, हे वस्तुतः दोन स्वतंत्र प्रश्न. आपल्याकडे मात्र ते प्रथमपासून एकाच दप्तरात बांधले गेले, आणि त्यामुळे आधी पहिल्याचा व पुढे दुसऱ्याचा निवाडा लांबणीवर पडत राहिला.

वादाचे मूळ पुष्कळ जुने आहे. वातावरण सूर्याची उष्णता आत येऊ देते पण परत जाताना अडवते, हा विचार फ्रेंच गणिती फूरिये यांनी १८२४ साली मांडला. ही अडवणूक जलबाष्प व कर्बवायू करतात, हे टिंडल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांनी दाखवले. आणि कोळसा जाळून वाढणारा कर्बवायू पृथ्वीला तापवील, असे गणित स्वीडनच्या आऱ्हेनियस यांनी १८९६ साली प्रसिद्ध केले. थंड देशाच्या त्या रहिवाशास ही ऊब इष्टच वाटली होती. १९३८ साली कॅलेंडर या बाष्पयंत्रांच्या अभियंत्याने तापमानाच्या जुन्या नोंदी जुळवून वाढ सुरू झाल्याचे सांगितले, तेव्हा विद्वानांनी त्याचे म्हणणे फारसे मनावर घेतले नाही. १९५८ साली कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ येथे कर्बवायूचे अखंड मापन आरंभिले. त्या वेळी दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग असलेला हा वायू आज ४२० च्या पुढे गेला आहे.

या घडामोडींची वार्ता आपल्या पठारावर पोहोचण्याचे कारणच नव्हते. निजामी अमलात बीदरचा, १९५६ नंतर उस्मानाबादचा आणि १९८२ पासून लातूरचा, असा या तालुक्याचा महसुली पत्ता बदलत गेला. आकाशाकडे पाहण्याची दृष्टी मात्र तीच राहिली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, सुकडीवर आणि परदेशातून आलेल्या मिलोवर दिवस काढणाऱ्या पिढीला विचारले असते, तर तिने दुर्गादेवीच्या दुष्काळाची परंपरागत कथा सांगून हे देवाचे देणे असल्याचे उत्तर दिले असते. या उत्तरास अडाणीपणा म्हणून झिडकारणे अन्यायाचे होईल, कारण त्यामागे शास्त्राचाही आधार होता. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख म्हणून १९०४ साली आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील वायुभाराचा जो नैसर्गिक हेलकावा शोधून काढला, त्याचाच दुसरा पैलू आज एल निनो या नावाने ओळखला जातो; आणि १८७७, १९१८ व १९७२ ही तिन्ही अवर्षणाची साले एल निनोचीच होती. ‘दुष्काळ पूर्वीही पडत होते’ हे शंकेखोरांचे विधान, एवढ्यापुरते, निखालस खरे आहे.

तापमानाच्या प्रश्नाचा निकाल मात्र निराळ्या पुराव्यावर व्हायचा होता, आणि त्यातील एक महत्त्वाचा कागद महाराष्ट्रातच तयार झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील हिंगणे, रूपा कुमार आणि रमणमूर्ती यांनी १९८५ साली देशातील वेधशाळांच्या १९०१ पासूनच्या नोंदी तपासून, भारताचे सरासरी तापमान शतकास सुमारे ०.४ अंश सेल्सिअस या गतीने वाढत असल्याचे दाखवले. पुढे १९८८ साली अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर हवामानशास्त्रज्ञ हॅन्सन यांची तापमानवाढीविषयी साक्ष झाली आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आश्रयाने आंतरसरकारी हवामान मंडळ स्थापन झाले. या मंडळाची भाषा ज्या सावधपणे पायरी पायरीने बदलत गेली, तो या वादाचा खरा इतिहास होय. १९९० साली ‘अद्याप निश्चित सांगता येत नाही’ असा सूर होता. १९९५ साली मनुष्याचा प्रभाव जाणवू लागल्याची कबुली आली. २००१ मध्ये तो ‘संभाव्य’, २००७ मध्ये ‘अत्यंत संभाव्य’, २०१३ मध्ये ‘कमालीचा संभाव्य’, आणि २०२१ मध्ये निःसंदिग्ध ठरला.

या काळात भारतीय मनात जो संशय होता तो शास्त्राविषयी कमी आणि न्यायाविषयी अधिक होता. अमेरिकेतील एका संस्थेने भारताची गणना हवा तापवणारे वायू सोडणाऱ्या अग्रणी देशांत केली, तेव्हा पर्यावरण-अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ साली त्या हिशेबाचे वाभाडे काढले. पोटासाठी भाताचे खाचर राखणारा आणि चैनीसाठी मोटार पळवणारा यांना एकाच मापाने कसे मोजता, हा त्यांचा सवाल होता. ज्या मुलखाने देवणीसारखी गुणी गोवंशाची जात जगाला दिली, तेथील शेतकऱ्याच्या दावणीच्या बैलावर जागतिक उष्म्याचा आरोप ठेवणे किती विपरीत, हे उदगीरकरास वेगळे सांगावयास नको. आजही भारताचा दरडोई कर्बवायू वर्षास सुमारे २ टन, तर अमेरिकेचा सुमारे १४ टन आहे.

शंकेखोरांना बळ मिळाले ते २००९-१० च्या सुमारास. इंग्लंडमधील एका विद्यापीठातील संशोधकांचा खाजगी पत्रव्यवहार चोरून उघड करण्यात आला. पाठोपाठ, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील हे मंडळाच्या २००७ च्या अहवालातील विधान निराधार ठरून मागे घ्यावे लागले, आणि त्या वेळी मंडळाचे अध्यक्षपद राजेंद्र पचौरी या भारतीयाकडे असल्याने आपल्याकडे तो गाजावाजा अधिकच झाला. चौकशा झाल्या, पत्रांत आकड्यांची लबाडी आढळली नाही आणि हिमनद्यांचे वितळणेही थांबले नाही. एका पानावरील चुकीने संपूर्ण दप्तर रद्द होत नसते.

मूळ प्रश्नाचा निकाल लागला तो परस्परांशी संबंध नसलेल्या साक्षीदारांच्या एकवाक्यतेमुळे. कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडल्या गेलेल्या कोळशात किरणोत्सारी कार्बन शिल्लक राहत नाही, आणि हवेतील कार्बनात त्याचे प्रमाण नेमके तसेच घटत गेलेले दिसते. सूर्य प्रखर झाला असता तर वातावरणाचे सर्वच थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आणि वरचा थंड होतो, जे भाकीत मानाबे आणि वेदराल्ड यांनी १९६७ सालीच केले होते. सूर्याचे तेज तर गेल्या कित्येक दशकांत वाढलेले नाही. एवढ्या जबान्यांनंतर वाद चालू ठेवणे हे शंकेचे नव्हे, हट्टाचे लक्षण होय.

आता विहीर कोणामुळे आटली, या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारपीट कोसळली. त्या आणि त्यापुढील सालचा पावसाळा कोरडा गेला. धनेगावचे मांजरा धरण आटले. आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरात आली. त्याच वेळी ‘हवामान बदल’ हा शब्दप्रयोग, जो कालपर्यंत अविश्वसनीय होता, तो अकस्मात सर्वांच्या जिभेवर रुळला. पैसेवारी घसरली तर हवामान बदल, टँकर लागले तर हवामान बदल. एच. एम. देसरडा यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ हा दुष्काळ पाण्याच्या गैरव्यवस्थेचा असल्याचे सांगत होते. अवर्षणप्रवण खोऱ्यात उसाचा विस्तार कोणी होऊ दिला, पाताळात उतरणाऱ्या विंधनविहिरींना आवर का घातला नाही, या प्रश्नांची उत्तरे वातावरणात नव्हेत, कचेरीच्या दप्तरात शोधावयाची होती. जे लोक पूर्वी निसर्गाच्या नावाने हात झटकत होते, त्यांनाच आता शास्त्राच्या नावाने हात झटकण्याची सोय झाली.

तथापि शास्त्राने काय सांगितले आहे तेही नीट ऐकले पाहिजे. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले की, १९५१ ते २००० या काळात मध्य भारतात (ज्याच्या अभ्यासचौकटीत आपले पठारही बसते) पावसाची एकूण बेरीज फारशी न बदलता मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले आणि मध्यम, मुरवणीच्या पावसाचे कमी झाले. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या अवधीत देश सुमारे ०.७ अंशाने तापला. २०२२ चा मार्च हा देशाच्या नोंदीतील सर्वांत उष्ण मार्च ठरला, आणि त्याच उन्हाळ्यात, २२ ते २४ एप्रिल या दिवसांत, उदगीरने भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले. त्या वर्षीच्या वायव्य भारत व पाकिस्तानातील उष्म्याची शक्यता मानवी करणीने सुमारे तीसपट वाढल्याचे शास्त्रज्ञांच्या एका गटाने पुढच्याच महिन्यात सांगितले. आणि २०२५ च्या ऑगस्टात शेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळ परिसरात पुराने माणसांचे बळी घेतले, सप्टेंबरात मराठवाड्याची उभी पिके पाण्याखाली गेली.

या साऱ्याचा निष्कर्ष एवढाच, की ज्याला आपण अस्मानी म्हणत आलो त्यात आता मनुष्याचा हात मिसळला आहे, आणि म्हणून सुलतानीची जबाबदारी हलकी न होता दुप्पट झाली आहे. जगाने तापवलेल्या हवेचा मोबदला जगाकडे मागावा, तो आपला हक्क आहे; परंतु तालुक्यातील तलावांचा गाळ, विंधनविहिरींची खोली, खोऱ्यातील उसाचे क्षेत्र आणि नदीपात्रातील अतिक्रमण यांचा हिशेब पॅरिससारख्या हवामान परिषदेत होणार नाही. तो ग्रामसभेत मागावा लागेल, आणि पुढील पंचनाम्याची वाट न पाहता मागावा, एवढीच या पठारावरील वाचकांना विनंती आहे.