हलक्या मालमोटारी : घाटातील सुरक्षितता

टेम्पो, पिकअप, व्हॅन इ. नावांनी परिचित असलेल्या व भारासह एकूण वजन ७,५०० किग्रॅ.पेक्षा अधिक नसलेल्या वाहनांचा समावेश मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ‘हलके मोटार वाहन’ या वर्गात होतो. डोंगराळ भागात धान्य, किराणा, बांधकामाचे साहित्य इत्यादींची ने-आण बहुतांशी या वाहनांवर अवलंबून असते. सपाट रस्त्यावर ती सोयीची असली, तरी घाटात त्यांच्या सुरक्षिततेचे प्रश्न वेगळे असतात.

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात हे प्रश्न ठळकपणे दिसतात. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणारा रस्ता देवगोई घाटातून चढतो. शेजारच्या तळोदा–धडगाव मार्गावर चांदशैली घाट आहे. आठवडे बाजार, यात्रा, काठीची होळी व मजुरांचे हंगामी स्थलांतर या प्रसंगी बसगाड्या अपुऱ्या पडतात आणि मालवाहू गाड्यांत माणसे बसविली जातात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप गाडी चांदशैली घाटात उलटून अनेक जण मृत्युमुखी पडले.

ब्रेक व गिअर : २,५०० किग्रॅ. वजनाची गाडी ३०० मी. उंचीवरून खाली उतरते, तेव्हा सु. ७३ लाख जूल ऊर्जा मुक्त होते. एवढ्या उष्णतेने साधारण तापमानाचे २३ लि. पाणी उकळू लागेल. ही सर्व उष्णता ब्रेकवर पडल्यास त्यांची पकड क्षीण होते. ब्रेकमधील द्रव उकळून वाफ झाल्यास पायपट्टी दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून एंजिनाच्या रोधाने वेग आवरावा व ब्रेक अधूनमधूनच वापरावा. जो चढ ज्या गिअरमध्ये चढता येतो, तो उतरतानाही सामान्यतः तोच गिअर वापरावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे अत्यंत धोक्याचे आहे.

भार : माल जितका उंच रचावा, तितका गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो व वळणावर ती उलटण्याचा संभव वाढतो. जड माल तळाशी ठेवून दोरांनी घट्ट बांधावा. हौद्यात उभी राहिलेली माणसे हा तर उंच आणि बांधता न येणारा भार होय. वळणावर ती एकदम एका बाजूस कलतात.

वेग व अंतर : ताशी ६० किमी. वेगाने गाडी एका सेकंदात सु. १७ मी. जाते; चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढे अंतर कापले गेलेले असते. त्यानंतर थांबण्यास सपाट, कोरड्या रस्त्यावर सु. २० मी., तर ओल्या रस्त्यावर सु. ३५ मी. लागतात, उतारावर त्याहूनही अधिक. वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. पावसाळ्यात, धुक्यात व दरडी कोसळण्याच्या जागी हे विशेष ध्यानात ठेवावे. अरुंद घाटात उतरणाऱ्या गाडीने थांबून चढणाऱ्या गाडीस वाट द्यावी, असा नियम आहे.

विश्रांती : २०२५ पर्यंत अमलात असलेला मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ज्यांना लागू होता, अशा चालकांसाठी कामाची सर्वसाधारण मर्यादा दिवसास ८ व आठवड्यास ४८ तास असून सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती विहित होती. स्वतःची गाडी चालविणाऱ्यानेही हेच प्रमाण पाळणे हिताचे ठरते.

विमा व दायित्व : मालवाहू गाडीतून नेलेल्या प्रवाशांच्या भरपाईचे वैधानिक दायित्व विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक वा त्याचा अधिकृत प्रतिनिधी १९९४ च्या दुरुस्तीनुसार यास अपवाद आहे. त्यामुळे अपघातानंतर भरपाईचा बोजा गाडीमालकावर पडतो आणि त्याची ऐपत नसल्यास मृतांच्या कुटुंबांच्या हाती प्रत्यक्षात फारसे काही लागत नाही. अपघातग्रस्तांस त्वरित वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

चालकाची दक्षता आवश्यक असली, तरी पुरेशी नाही. मोलगीच्या बाजाराहून वा यात्रेहून परतणाऱ्यास दुसरे वाहनच नसेल, तर तो मालगाडीतच चढणार. म्हणून गर्दीच्या दिवशी जादा बसगाड्या, वळणांवर भक्कम कठडे व घाटाच्या तोंडाशी भाराची तपासणी हे उपायही चालकाच्या कौशल्याइतकेच महत्त्वाचे आहेत.