डिकसळचा पूल

समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या सोलापूर जिल्ह्यात खाडीची गोष्ट काढणे वरवर पाहता विक्षिप्तपणाचे वाटेल. परंतु करमाळा तालुक्याच्या पश्चिम सरहद्दीवर, कोंढार चिंचोलीच्या शिवारातून भिगवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर ज्याने एखाद्या भाद्रपदात उभे राहून समोरच्या पाण्याचा विस्तार पाहिला असेल, त्याला हा विषय आपल्याच जिल्ह्यातला वाटल्यावाचून राहणार नाही. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्याला भरती-ओहोटीदेखील आहे, फक्त ती दिवसातून दोनदा न येता वर्षातून एकदा येते. करमाळ्याकडे आभाळ कोरडे असताना, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडलेला पाऊस पुण्याकडच्या धरणांतून ओसंडून खाली येतो. आणि दौंडजवळून धरणाकडे येणारा विसर्ग किती, एवढ्या एका आकड्यावर इकडच्या गावांतला माणूस आपला उसाचा हिशेब मांडू लागतो.

या पाण्यावरून करमाळा आणि इंदापूर हे दोन तालुके, म्हणजे सोलापूर आणि पुणे हे दोन जिल्हे, जोडणारा जो जुना दगडी पूल आहे, तो पायी चालणाऱ्यांसाठी कोणी बांधलेला नव्हता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची आगगाडी 1858 च्या अखेरीस पुण्याहून इंदापूरच्या काठावरील डिकसळपर्यंत आली. पुढल्या वर्षी भीमा ओलांडून ती बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, पोचली. आणि 1860 च्या जूनमध्ये सोलापुरात तिचे आगमन झाले. सोलापूरच्या गिरण्या आणि त्या गिरण्यांनी वाढवलेले शहर ही सारी पुढची कथा या एकेरी लोहमार्गावरून आली, असे म्हणण्यास हरकत नाही. तो पूल वाहत्या नदीसाठी होता: पावसाळ्यात लोंढा घेऊन येणारी आणि उन्हाळ्यात ठिकठिकाणी उतार देणारी भीमा हाच त्याच्या बांधणाऱ्यांपुढचा प्रश्न होता, आणि त्याच्या बुंध्याशी उद्या सरोवर तुंबेल अशी कल्पना त्यांच्या दप्तरात असण्याचे कारण नव्हते.

माढा तालुक्यातील उजनीपाशी भीमेवर धरण घालण्याचे काम साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू होऊन 1980 मध्ये पुरे झाले. जलाशयाला यशवंतसागर हे नाव मिळाले. दौंड, इंदापूर, कर्जत, करमाळा आणि माढा या तालुक्यांच्या काठच्या गावठाणांना, मळ्यांना आणि देवळांना जलसमाधी मिळाली, आणि त्याच ओघात रेल्वेलाही आपला मार्ग उचलून दुसरीकडे न्यावा लागला. रूळ गेले, पूल राहिला. ज्यांची शेते पाण्याखाली गेली होती आणि पलीकडचा बाजार पूर्वीपेक्षा दूर झाला होता, त्यांनी त्या मोकळ्या पुलावरून चालायला सुरुवात केली. पुढे रीतसर रस्ता झाला हे खरे, तरी माझ्या मते या पुलावरचा जनतेचा हक्क मूळचा वहिवाटीचा आहे. धरणाच्या मोबदल्याच्या कोणत्याही यादीत नसलेला, पण काठच्या रयतेच्या पदरात खरोखर पडलेला असा तो एक मोबदला होता.

येथून चालताना प्रथम जाणवते ती रुंदी, किंबहुना तिचा अभाव. एका रुळाच्या गाडीला पुरेल एवढीच ती असल्यामुळे समोरून मोटारसायकल आली की पादचाऱ्याने कडेला सरावे आणि ट्रॅक्टर आला तर बरेच सरावे, अशी येथील रीत आहे. भाद्रपद-आश्विनात दोन्ही हातांना पाणीच पाणी असते आणि मासेमारीच्या होड्या दूरवर ठिपक्यांसारख्या दिसतात. त्यांतली चिलापी, कटला आणि मरळ भिगवणच्या मच्छी अड्ड्यावर लिलावाला जाते. हिवाळा सरता सरता पाणी मागे हटू लागते, चिखलाची दलदल उघडी पडते आणि तिच्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांच्या दर्शनासाठी पुण्यामुंबईचे लोक दुर्बिणी घेऊन येतात. वैशाखात मात्र याच पुलावरून निराळा देश दिसतो: भीमा आपल्या मूळ पात्रात आकसून बसलेली, आणि दोन्ही अंगांना जुन्या ताली, विहिरींची कडी, बाभळींचे काळे बुंधे. खाली इंदापूरच्या बाजूला पळसदेवचे प्राचीन देऊळ अशाच दिवसांत पाण्याबाहेर येते आणि बातमीचा विषय होते.

या ओहोटीचे गणित बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते. धरणात सुमारे 117 अब्ज घनफूट पाणी मावते. त्यातले सुमारे साडेत्रेसष्ट अब्ज मृत साठ्यात धरले जाते आणि टक्केवारी केवळ उरलेल्या सुमारे साडेत्रेपन्न अब्जांवर मोजली जाते. त्यामुळे शून्य टक्के म्हणजे कोरडे धरण नव्हे, आणि त्याखाली उपसा चालू राहिला की आकडा ‘वजा’ होतो. 2024 च्या उन्हाळ्यात तो वजा साठ टक्क्यांच्या जवळ गेला होता. नसलेल्यातूनही वापरता येते, हे शाळेतल्या अंकगणिताला न पटणारे सत्य उजनीकाठच्या पोरांना तोंडपाठ आहे.

दगड भिजणे आणि वाळणे हा क्रम दरवर्षी चालू राहिला, त्यावर वाळूच्या आणि उसाच्या जड गाड्यांचे हादरे बसत गेले, तर बांधकामाचे काय होणार हे सांगायला तज्ज्ञ नको. अलीकडच्या वर्षांत पुलाचा काही भाग ढासळला, जड वाहनांना मनाई झाली आणि शेजारी नव्या पुलाची तजवीज करण्यात आली. पूल अडला की करमाळ्याच्या पश्चिमेकडील गावांची अडचण किती होते, हे नकाशा पाहिल्यास कळते: त्यांचे जिल्ह्याचे ठाणे सोलापूर शंभराहून अधिक किलोमीटर दूर, तर दवाखाना, बाजार आणि पुण्याची गाडी पलीकडे भिगवणला.

जेथे पूल नाही तेथे लाँच आहे. 21 मे 2024 रोजी करमाळ्याच्या काठावरील कुगावहून पलीकडे इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यानंतर कुगाव-शिरसोडी पुलाच्या जुन्या मागणीला वेग आला. पूल बुडालेल्या माणसांच्या मागून येतात, हा क्रम आपल्याकडे जुनाच आहे. मुंबईत माहीमच्या खाडीत नावा बुडत असताना ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने खर्चाला नकार दिला, म्हणून जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी पदरचे दीड लाखांहून अधिक रुपये दिले आणि 1845 मध्ये तेथला बांध रहदारीला खुला झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याकडून जकात घेऊ नये, ही त्यांची अट होती. चालणाऱ्याचा असा विचार त्या काळी सुचत असे. मुंबईच्या खाडीवर 2024 मध्ये जो सुमारे 22 किलोमीटरांचा अटल सेतू झाला, त्यावर पादचाऱ्याला पाऊल ठेवण्याचीच मनाई आहे.

अटल सेतूवरच्या वेगाला ती मनाई शोभतही असेल. परंतु डिकसळला आणि कुगावला उभ्या राहणाऱ्या पुलांच्या नकाशांत कडेला हात-दीड हातांचा पदपथ आखला आहे की नाही, हे कोंढार चिंचोलीच्या लोकांनी आताच, काँक्रीट ओतण्यापूर्वी, संबंधित खात्याला लेखी विचारून ठेवावे. आणि जुना दगडी पूल धोकादायक ठरवून पाडण्याचा हुकूम निघालाच, तर तत्पूर्वी त्याची डागडुजी होऊन तो केवळ पायी जाणाऱ्यांसाठी राखता येईल काय, हाही प्रश्न त्याच अर्जात घालावा.